लहान ट्रॅक्टर आणि चार फुटी फ्लेल मोवर: निवडीचा हिशोब आणि वापरानंतरचं मत

ट्रॅक्टरमागे लावायचा मोवर, म्हणजे गवत कापायचं अवजार, घ्यायचं ठरलं की लोक आधी रुंदी विचारतात. चार फुटी की पाच फुटी? माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी आपल्या जमिनीवर काय वाढतं आणि त्या गवताच्या बुडाशी काय पडलेलं असतं ते बघावं, मग ट्रॅक्टरच्या पीटीओची (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्याची) खरी ताकद आणि त्याचा प्रकार बघावा. एवढं कळलं की रुंदी आपोआप ठरते. मी याच क्रमाने गेले आणि चार फुटी फ्लेल मोवर घेतला. आता कोवळं, जून, ओलं, वाळलेलं असं सगळ्या तऱ्हेचं गवत त्याखालून गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझ्या जमिनीचे तीन वेगवेगळे तुकडे आहेत. फळझाडांच्या ओळींमधलं गवत दाट पण मऊ. त्यापलीकडे उतार, तिथे काटेरी झुडपं, अंगठ्याएवढे जाड धांडे आणि मध्ये मध्ये दगड. घराजवळ थोडी सपाट जागा. तिन्हीकडे एकच मोवर चालायला हवा होता. कापलेलं गवत गुरांना घालायचं नव्हतं, ते बारीक होऊन झाडांच्या बुडाशी कुजायला हवं होतं. शिवाय ट्रॅक्टर मी एकटीच चालवते, त्यामुळे अवजार जोडणं-सोडणं एकटीच्या आवाक्यातलं हवं होतं.

एवढ्यावरच दोन प्रकार बाजूला पडले. फिनिश मोवर सपाट हिरवळीवर फार देखणं काम करतो, पण उतारावरचे दगड आणि धांडे त्याच्यासाठी नाहीत. कटर बार कात्रीसारखा दोन पात्यांत धरून कापतो. त्याला ताकद फारच कमी लागते आणि चाऱ्यासाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण काडी अख्खी राहते. मला नेमकी तीच अख्खी काडी नको होती. उरले रोटरी स्लॅशर आणि फ्लेल.

आता ताकदीचं. माझा ट्रॅक्टर २४ एचपीचा, पण तो आकडा इंजिनाचा. पीटीओवर येते ती ताकद नेहमीच कमी असते. माझ्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पीटीओला २० एचपी लिहिलेत. मोवरसाठी फुटामागे निदान पाच पीटीओ एचपी धरतात, म्हणजे हिशोब चार फुटांवर थांबतो. पाच फुटी मोवर वाळलेल्या विरळ गवतात चालेलही. दाट, ओल्या गवतात मात्र इंजिन दबतं, पीटीओ ५४० आरपीएमच्या खाली येतो आणि पाती गवत कापायचं सोडून नुसती झोडपायला लागतात. त्यापेक्षा अरुंद मोवर पूर्ण वेगाने चालवलेला केव्हाही चांगला. रुंदीला दुसऱ्या बाजूनेही एक मर्यादा आहे: मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मोवरने झाकली पाहिजे, नाहीतर टायरखाली दबलेला पट्टा कापायचा राहतो. माझी चाकं ४२ इंचांत बसतात, मोवर ४८ इंच कापतो. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मिळतात, ते पुरतात.

स्लॅशर हे वाईट अवजार अजिबात नाही. साधी, दणकट रचना: वर गिअरबॉक्स, खाली फिरणाऱ्या तबकडीवर सैल लटकवलेली दोन जाड पाती. दगड लागला की पातं मागे झुकतं. गिअरबॉक्समधलं तेल, पीटीओ आणि अवजार जोडणाऱ्या शाफ्टचं ग्रीस आणि पात्यांचे बोल्ट सांभाळले की फारसं काही मागत नाही. ज्यांच्याकडे मोठा, मोकळा, झुडपाळ माळ आहे आणि वर्षातून थोड्याच वेळा कापायचं आहे, त्यांनी स्लॅशरच घ्यावा. तो वेगानेही जातो. माझी अडचण त्याच्या लांबीची होती. मागच्या टेल व्हीलसकट स्लॅशर ट्रॅक्टरच्या बराच मागे लोंबतो. ओळीच्या टोकाला वळताना त्याचा मागचा भाग बाहेर झुलतो आणि खोडाला लागायची भीती असते. उचलला की ट्रॅक्टरचं पुढचं टोक हलकं पडतं. लिफ्टची क्षमता बघताना म्हणूनच काळजी घ्यावी. लिंकच्या (अवजार उचलणाऱ्या दांड्यांच्या) टोकाशी दिलेला आकडा मोठा असतो, त्यामागे ६१० मिमी अंतरावरचा बराच लहान. अवजाराचा भार मागे जितका लांब, तितका दुसरा आकडा महत्त्वाचा. दुसरी गोष्ट म्हणजे स्लॅशर गवत लांब तुकड्यांत टाकतो आणि पुष्कळदा एका बाजूला ढीग करतो.

फ्लेलमध्ये आडवा रोटर असतो आणि त्यावर ओळीने लहान पाती किंवा हातोडे लटकवलेले असतात. माझ्या मशीनवर हातोडे आहेत. वाय आकाराची पाती नुसत्या गवतात जास्त स्वच्छ कापतात आणि ताकदही कमी घेतात, पण धांड्यांसाठी हातोडेच बरे. ट्रॅक्टर बंद करून, किल्ली खिशात ठेवून रोटर हाताने फिरवून बघितला, तर प्रत्येक हातोडा आपल्या पिनवर मोकळा हलतो. दगडाला आपटला की मागे सरतो, पुन्हा वेगामुळे ताठ होतो. कडेची धार बोथट झाली तरी वेगाच्या जोरावर काम चालतं.

कापून झालेली जमीन बघायला मला खरंच आवडते. ओळींमध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे एकसारखे पसरतात, ढीग नाही, रांग नाही. पाऊस पडून गेला की ते मातीला चिकटतात आणि लवकर काळे पडायला लागतात. फ्लेल घेतला तो यासाठी, आणि या एका बाबतीत माझी अपेक्षा पूर्णपणे भरून निघाली. मागचा रोलर रोटरच्या अगदी जवळ असल्यामुळे उंचवट्यावर माती खरवडली जात नाही. कापायची उंची रोलरच्या बाजूच्या भोकांमध्ये बोल्ट बदलून ठरते. काम करताना लिफ्ट पूर्ण खाली सोडून मोवरचा भार रोलरवर येऊ द्यावा, म्हणजे तो जमिनीच्या चढउताराबरोबर जातो.

उतारावर काम जमतं, पण हळू. धांड्यांच्या भागात मी सगळ्यात खालचा गिअर टाकते आणि इंजिनच्या मीटरवर पीटीओची जी खूण आहे तिथून काटा हलू देत नाही. जिथे काटा खाली येतो तिथे पट्टा अर्धाच घेते. मनगटाएवढ्या खोडाला मात्र हा मोवर लावू नये, तिथे करवतच. उतारावर आडवं न जाता वरखाली जावं, रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी कमान) उभा ठेवून सीट बेल्ट बांधावा. दगड भिरकावण्याच्या बाबतीत फ्लेल स्लॅशरपेक्षा बराच सौम्य आहे, कारण पुढचे लोंबते फ्लॅप आणि मागचं झाकण बरंच अडवतात. तरीही काम चालू असताना आसपास कोणीही नसावं, यात मी कधीही सूट देत नाही.

पीटीओच्या प्रकाराबद्दल दुकानात सहसा कोणी आपणहून बोलत नाही, म्हणून थोडं लांबवते. ज्या ट्रॅक्टरला लाइव्ह किंवा इंडिपेंडंट पीटीओ (चाकांच्या गिअरबॉक्सपासून वेगळा चालणारा) नाही, त्याचा क्लच दाबला तरी फिरता मोवर आपल्याच वेगाने पीटीओमार्गे ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स आणि चाकं फिरवत राहतो. आपल्याला थांबायचं असतं आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. कुंपणाजवळ किंवा उतारावर हे जिवावर बेतू शकतं. उपाय सोपा आहे, ओव्हररनिंग क्लच, म्हणजे मोवरचा जोर उलटा ट्रॅक्टरकडे जाऊ न देणारा क्लच. पुष्कळ फ्लेल मोवरच्या गिअरबॉक्समध्येच तो असतो, माझ्याही आहे. घेण्याआधी हे लेखी विचारून घ्यावं. गिअरबॉक्समध्ये नसेल तर पीटीओच्या टोकावर वेगळा बसवता येतो, फक्त त्याने शाफ्टची लांबी वाढते.

शाफ्टच्या लांबीवरूनच माझी पहिली तक्रार. सोबत आलेला शाफ्ट माझ्या ट्रॅक्टरला लांब होता आणि तो मापाने कापावा लागतो हे मशीन देणाऱ्यांनी सांगितलं नाही. मोवर जोडून लिफ्ट सावकाश वरखाली करावी. शाफ्ट जिथे सगळ्यात आखूड होतो तिथे दोन्ही नळ्या एकमेकींच्या तळाला टेकता कामा नयेत, इंचभर तरी जागा राहावी. जिथे सगळ्यात लांब होतो तिथे नळ्या निदान एक तृतीयांश एकमेकींत असाव्यात. कापताना दोन्ही नळ्या आणि त्यांची प्लॅस्टिकची आवरणं सारखीच कापावीत, कडा कानशीने गुळगुळीत करून ग्रीस लावावं. आवरण काढून टाकलेला शाफ्ट कोणीही वापरू नये.

दुसरी तक्रार रोलरच्या एका टोकाच्या ग्रीस निपलची. ते बाजूच्या पत्र्याच्या इतकं मागे आहे की ग्रीस गनचं तोंड सरळ बसत नाही. लवचीक होज लावून काम होतं, पण रोज मातीत लोळणाऱ्या बेअरिंगचं निपल इतक्या अडचणीत ठेवणं ही आरेखनातली चूक आहे. तिसरी, गिअरबॉक्सकडून रोटर फिरवणारा बेल्ट किती ताणायचा हे पुस्तिकेत नीट दिलेलं नाही. नवा बेल्ट सुरुवातीला सैल पडतो. रबर जळल्याचा वास आला म्हणजे तो घसरतोय, तिथेच थांबून ताण बघावा.

जोडणी मात्र माझ्या मनासारखी झाली. कॅटेगरी एकच्या (लहान ट्रॅक्टरच्या जोडणीच्या मापाच्या) पिना, खाली २२ मिमी आणि टॉप लिंकला (वरच्या मधल्या दांडीला) १९ मिमी, माझ्या ट्रॅक्टरला थेट बसल्या. मोवर सपाट जागी रोलरवर टेकवून ठेवला की एका बाजूची पिन, मग दुसरी, मग टॉप लिंक, शेवटी शाफ्ट, असं मी एकटी आरामात करते. टॉप लिंकने मोवरची बैठक समतल ठेवावी. पुढे झुकला तर हातोडे माती उकरतात.

फ्लेल जास्त देखभाल मागतो हे खरं आहे. गवतात पडलेली तार किंवा नायलॉनची दोरी हा त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. ती रोटरच्या टोकाला गुंडाळून सरळ बेअरिंगच्या सीलमध्ये शिरते. कापण्याआधी मी ओळीतून पायी चक्कर मारते ती यासाठीच. एखादा हातोडा तुटला तर मशीन थरथरायला लागतं. तसंच पुढे रेटू नये, बेअरिंग जातात. नवा हातोडा बसवताना समोरचाही बदलावा, म्हणजे वजन सारखं राहतं. ओल्या गवतानंतर झाकणाच्या आतला थर खरवडून काढावा, नाहीतर पत्रा आतून गंजतो. आत हात घालण्याआधी मोवर खाली ठोकळ्यांवर टेकवावा, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीही नाही.

म्हणून घेताना एक काम जरूर करा. रोटरच्या बेअरिंगचे नंबर, बेल्टचं माप आणि हातोड्याच्या पिनचा व्यास लिहून घ्या, आणि हे भाग बाहेर कुठेही मिळणाऱ्या मापाचे आहेत की फक्त त्याच कंपनीकडून आणावे लागतील ते विचारा. माझ्या मशीनचे बेअरिंग आणि बेल्ट सर्वत्र मिळतात, हातोडे मात्र कंपनीकडूनच येतात. त्यांचा एक पूर्ण संच पिनांसकट मी आधीच आणून ठेवला आहे.