नमुना अस्सल, माल नकली : ‘इको’ पॅकिंगमध्ये माझे 56,000 गेले

56,000 रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरात अजून खरा आकडा कुणाला सांगितलेला नाही. तिथे ‘तीसेक हजार’वर भागवलंय.

मी स्टोनवेअरचे, म्हणजे कडक भाजलेल्या मातीचे, मग, वाट्या, बरण्या करते आणि कुरिअरने पाठवते. इतकी वर्षं बबल रॅप आणि थर्माकोलवर चाललं होतं. मग गिऱ्हाइकंच विचारायला लागली, भांडं हातानं घडवलेलं आणि भोवती एवढं प्लास्टिक? खरंच लाज वाटायची. म्हणून दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत सगळं बदलायचं ठरवलं. फाइव्ह प्लाय, म्हणजे पाच थरांची खोकी, आत मक्याच्या स्टार्चचे दाणे, बाहेरून कंपोस्टेबल (कुजून खत होणारी) कुरिअर बॅग.

पुढची पद्धत तुम्हाला पाठ असेल. नमुना उत्तम, ॲडव्हान्स निम्मा, उरलेले पैसे गाडी भरताना, नंतर फोन बंद. मलाही पाठ होती. तरी अडकले. पण मला सरळ बावळट म्हणण्याआधी ऐका, ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलवर सापडलेल्या त्या विक्रेत्याकडून मी आधी नमुना मागवला होता. दाणे काचेच्या बाउलमध्ये पाण्यात टाकले, बघता बघता त्यांचा लगदा झाला. त्याचा व्हिडिओ काढला आणि हौसेनं त्या माणसालाच पाठवला. ‘क्या बात है मॅडम,’ असा मेसेज आला वर.

हिशोब असा. 4,000 बॅगा 6.40 दरानं 25,600. दाणे 30 किलो, 310 रुपये किलोनं 9,300. खोकी 800, प्रत्येकी 23.50, म्हणजे 18,800. टेम्पोचं भाडं 2,300. पैसे 28,000 आणि 28,000 असे दोन हप्त्यांत. माल दोन खेपांत आला. ठरावीक रकमेच्या वर गेलं की ई-वे बिल (मालवाहतुकीची जीएसटीतली ऑनलाइन नोंद) लागतं, ते टाळायला खेपा पाडल्या असाव्यात हे माझ्या डोक्यात नंतर आलं. बिल कच्चं. ‘पक्कं हवं तर टॅक्स वर लागेल’ म्हणाला, आणि मी कच्च्याला हो म्हटलं. माझी जीएसटी नोंदणी नाही, भरलेला कर मला परत मिळत नाही, मग कशाला भरा, असा विचार केला. तुम्हीही केला असतात. करू नका. पक्कं बिल नसेल तर तुम्ही काय विकत घेतलंय हेच उद्या सिद्ध करणं अवघड जातं.

आता तो क्षण. रोज रात्री डोळ्यांपुढे येतो.

दुसरा हप्ता द्यायच्या दिवशी त्यानं बॅगांचं प्रमाणपत्र पाठवलं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. मी ते उघडलं. नुसतं उघडलं नाही, वाचलं. उत्पादकाचं नाव वेगळं होतं. मी विचारलंसुद्धा. ‘ताई, आपलीच सिस्टर कन्सर्न आहे.’ भट्टी 1,220 अंशांवर होती, मावशी बरण्या पुसत होत्या, दारात कुरिअरवाला उभा. मी ‘बरं’ म्हटलं. यूपीआयला पैसे टाकताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं, ते तिसरंच, कुणा माणसाचं. कोटेशनवर एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरं, खात्यावर तिसरं. तीन नावं माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मी पिन टाकला. प्रमाणपत्र असलेल्या उत्पादकांची यादी मंडळाच्या वेबसाइटवर असते. त्यावरच्या कंपनीचा नंबर आपण शोधून फोन लावायचा आणि विचारायचं, हा माणूस तुमचा का? दोन मिनिटं लागली असती. विकणाऱ्यानं दिलेल्या नंबरवर तेवढा लावू नका.

माल आला. पोत्यांत वरचे चार बोटं दाणे मक्याचे, खाली सगळा थर्माकोल, फिकट पिवळसर रंगाचा, हुबेहूब. मावशींनी मग धुताना काही दाणे बादलीत पडलेले पाहिले आणि म्हणाल्या, ‘ताई, हे विरघळत नाहीत हो.’ मी म्हटलं, पाणी गार असेल. हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. आयोडीनचा एक थेंब टाकला असता तर स्टार्च काळानिळा पडतो, थर्माकोलला काही होत नाही. आयोडीन घरात होतं.

खोक्यांचं तर बोलूच नये. पाचही कागद 150 जीएसएमचे (चौरस मीटरला 150 ग्रॅम), असं कोटेशनमध्ये होतं. खोक्यातून 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, ग्रॅममध्ये वजन करायचं, शंभरानं गुणायचं, झाला जीएसएम. आतल्या दोन नागमोडी थरांना कागद जास्त लागतो, म्हणून तुकडा साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा होता. भरला 6.1. हे वजन मी केलं भांडी फुटून परत आल्यावर! ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या चकचकीत लेपात, कोबाल्ट ऑक्साइड घालताना मी ग्रॅमचा दहावा भाग मोजते. काटा त्याच टेबलावर होता. परतीच्या पावसात खोकी भिजलेल्या पापडासारखी झाली. पहिल्या 112 पार्सलांपैकी 31 फुटकी निघाली. परतावा 27,450, पुन्हा पाठवण्याचं कुरिअर 6,120. हे त्या 56,000 च्या वर.

बॅगांचं गिऱ्हाइकानं सांगितलं. एका बाईंनी बॅग गच्चीवरच्या कंपोस्टमध्ये पुरली होती. चार महिन्यांनी माती झटकलेल्या बॅगेचा फोटो, माझ्या नावाच्या स्टिकरसकट. आता हेही खरं की अस्सल बॅगसुद्धा घरच्या ढिगात लवकर कुजत नाही. कंपोस्टेबल प्लास्टिकचं मानक आहे आयएसओ 17088, त्याची चाचणी 58 अंशांच्या आसपास, मोठ्या खतप्रकल्पासारख्या परिस्थितीत होते. पण माझी बॅग चक्क पॉलिथिनची होती. तुकडा पाण्यात दाबून हवा काढा. पॉलिथिन वर येतं, पीएलए-पीबीएटीची, म्हणजे खऱ्या कंपोस्टेबल प्लास्टिकची, बॅग तळाशी बसते. (बुडाली म्हणजे खरीच असंही नाही, खडूची भुकटी घातलेलं प्लास्टिकही बुडतं.) आणि मी प्रत्येक खोक्यात ‘संपूर्ण प्लास्टिकमुक्त’ असं कार्ड घालत होते. पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध 2024 पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्या हिशेबानं दावा माझा, उत्तर मी द्यायचं.

तक्रारीचं सांगते. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हा सिव्हिल मॅटर.’ मी म्हटलं, दूध सांगून चुन्याचं पाणी दिलं तर? साहेब चहा प्यायला लागले. दुसऱ्या दिवशी बोलावलं, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या वेळी सांगितलं, ऑनलाइन पैसे दिलेत ना, सायबरला जा. सायबरच्या टेबलावर सांगितलं, तुम्ही स्वतः पिन टाकलात, शिवाय उशीर केलात. उशीर त्यांच्याच चौकीनं केला! (सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात फोन करा. चौकीची पायरी नंतर चढा.) ग्राहक तक्रारीच्या फोनवरची मुलगी गोड बोलली. धंद्यासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, म्हणाली. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस 2019 च्या कायद्यात ग्राहकच धरला जातो, हे मी तिला वाचून दाखवलं. तिनं मला होल्डवर ठेवलं. 22 मिनिटं सनई ऐकली. लघुउद्योगांच्या थकबाकीचं पोर्टल आहे, पण ते विकणाऱ्याचे पैसे अडकले तर. घेणाऱ्याचे बुडाले तर नाही. शेवटी खोट्या कंपोस्टेबल बॅगा घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या गृहस्थांनी बॅग उलटीसुलटी करून पाहिली आणि सांगितलं, ‘मॅडम, हा माल तुमच्याकडे सापडला तर पहिला दंड 5,000, तुम्हालाच.’ मी बॅगा पिशवीत भरून घरी आणल्या.

त्या 3,888 बॅगा अजून पलंगाखाली आहेत. विकता येत नाहीत, फेकवत नाहीत. माझे मग आता पुन्हा जुन्या वर्तमानपत्रांच्या बोळ्यांत आणि भुशात बसतात. मग फुटत नाहीत, आणि बोळे-भुसा फुकट मिळतो.

परवा त्याच विक्रीच्या पोर्टलवर, जिथे तो मला सापडला होता, नव्या नावाची जाहिरात दिसली. मक्याचे दाणे, शंभर टक्के विरघळणारे, सोबत व्हिडिओ. काचेचा बाउल, पाण्यात दाणे टाकणारा हात, नखांत अडकलेली माती. बाउल माझा आहे. हातही.