घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचंय? मशीन सगळ्यात शेवटी ठरवा (पुण्यातल्या वापरानंतरचा अनुभव)

मागच्या उन्हाळ्यात गाजिया क्लासिक घेतलं, त्यावर आता पावसाळा आणि थंडी दोन्ही काढून झाली. कोथरूडला राहतो, घरात कॉफी पिणारे आम्ही तिघं, रविवारी भाऊ-वहिनी आले की पाच-सहा कप होतात, असा वापर आहे. ओळखीतले बरेच जण विचारतात की कुठलं मशीन घेऊ, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की मशीन सगळ्यात शेवटी ठरवा. आधी ग्राइंडर, मग तुमच्या सोसायटीत पाणी कुठलं येतं ते, मग घरात कॉफी काळी पितात की दुधाची ते, आणि एवढं कळलं की मशीन जवळजवळ आपोआप ठरतं.

ग्राइंडर आधी का, तर एस्प्रेसोचं सगळं गणित दळण्यावर आहे. साधारण १८ ग्रॅम पावडर, त्यातून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी, आणि वेळ २५ ते ३० सेकंद, हे सुरुवातीला धरायचं माप. आता हीच पावडर किंचित जाड झाली की पाणी धाडकन खाली येतं आणि कॉफी आंबट पाणचट लागते, किंचित बारीक झाली की थेंब थेंब टपकत राहतं आणि तोंड कडू होतं. हा 'किंचित' म्हणजे खरंच किंचित. माझ्याकडे हाताने फिरवायचा किंग्राइंडर के६ आहे, त्यात एक क्लिक साधारण १६ मायक्रॉनची, आणि दोन-तीन क्लिक इकडे तिकडे केल्या तरी धार बदललेली डोळ्यांना दिसते. बरोबर जमलं की आधी चार-पाच सेकंद काहीच येत नाही, मग काळपट थेंब, मग काकवीसारखी जाड धार आणि शेवटी ती हळूहळू फिकी होत जाते, फिकी झाली की थांबायचं. मिक्सरमध्ये दळलेल्या कॉफीने हे होणारच नाही कारण त्यात अर्धं पीठ आणि अर्धे कण असतात, मग एकाच कपात आंबट पण आणि कडू पण. दुकानातून दळून आणलेली पावडरही नको, आज बरोबर असली तरी चार दिवसांनी तिची धार वेगळी पडते आणि तुमच्या हातात बदलायला काही नसतं. त्यामुळे बजेट ६० हजार असो की ३०, त्यातला चांगला मोठा हिस्सा ग्राइंडरला ठेवा. हाताने दळायचा कंटाळा असेल तर बाराट्झा एनकोर ईएसपीसारखा एस्प्रेसोसाठी केलेला मोटरवाला बघा. हलक्या भाजणीच्या बिया हाताने दळणं हा खरोखर व्यायाम आहे हे आधीच सांगून ठेवतो.

मशीनच्या खोक्यावर '१५ बार' किंवा '२० बार' मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याकडे अजिबात बघू नका. तो पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो त्याचा आकडा आहे. कॉफीला लागतात ९ बारच्या आसपास. मिलानच्या आकिले गाजियाने १९३८ मध्ये पेटंट घेतलं आणि युद्धानंतर स्प्रिंगच्या लिव्हरवाली मशीन आणली तेव्हापासून कॉफीवर तो सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, यायला लागला, आणि १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ मशीनने तेच काम पंपावर आणलं. तेव्हापासून ९ हा आकडा काही फार हललेला नाही. आकड्यापेक्षा बास्केट, म्हणजे पावडर भरायची भोकांची वाटी, बघा. स्वस्त मशीनमध्ये डबल वॉलचं बास्केट असतं, खाली एकच बारीक भोक, त्यातून कॉफी दाबाने बाहेर फवारते आणि फेस होतो, जुनी पावडर घातली तरी होतो. दिसायला छान, पण चवीशी त्याचा फारसा संबंध नाही. साधं सिंगल वॉलचं, एकाच पत्र्याचं आणि खाली भरपूर भोकं असलेलं बास्केट मिळतं का हे विचारा, ते असेल तरच चांगल्या ग्राइंडरचा पैसा वसूल.

मी बघितलेल्यांत डेलाँगी डेडिका होतं, रुंदी जेमतेम १५ सेंटीमीटर, छोट्या ओट्यासाठी फार सोयीचं, बास्केट ५१ एमएमचं. ब्रेव्हिल बँबिनो तीन सेकंदात गरम होतं आणि दुधाच्या कॉफीसाठी फार सुटसुटीत, ५४ एमएम. मी गाजिया घेतलं ते ५८ एमएममुळे आणि दुरुस्तीमुळे. ५८ म्हणजे कॅफेतल्या बहुतेक मोठ्या मशीनचं माप, टॅम्पर (पावडर दाबायचा ठोकळा), बास्केट, सगळं सहज मिळतं. आणि हे मॉडेल १९९१ पासून चालत आलंय, बाहेर पत्र्याचा डबा, आत बॉयलर, पंप आणि साधी बटणं, स्क्रू उघडून माणसाला समजेल असं. मला वस्तू दहा वर्षं वापरायला आवडते, त्यामुळे माझ्यासाठी हे सगळ्यात वर. तुमच्यासाठी कदाचित नसेल.

सिंगल बॉयलरचं दुखणं समजून घ्या, ते कुठल्याही ब्रँडला चुकत नाही. कॉफीसाठी पाणी ९० ते ९६ अंशांत लागतं, वाफेसाठी त्यापेक्षा बरंच जास्त, आणि बॉयलर एकच. म्हणजे शॉट (एका वेळची एस्प्रेसो) काढा, वाफेचं बटण दाबा, थांबा, दूध करा, मग पुढच्या कपाआधी पाणी सोडून बॉयलर थंड करा. दोन कपांना काही वाटत नाही, पाच लाटे करायचे असले की वहिनी बाहेरून विचारतात, "अहो भाऊजी, आमची येतेय ना?" मी सगळे शॉट आधी काढून दूध शेवटी एकदम करतो. दिवा पाच-सात मिनिटांत लागला तरी तो बॉयलरचा, पोर्टाफिल्टरचा, म्हणजे बास्केट बसवायच्या दांड्याचा, जाड धातू तापायला वीसेक मिनिटं द्या, थंडीत तर नक्कीच.

आता पाणी, कारण यावर कोणी बोलतच नाही. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी त्या मानाने मऊ असतं. पण एप्रिल-मे आला, किंवा गुरुवारी पाणी बंद, की सोसायटी बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी टाकीत सोडते आणि ते बेसॉल्ट खडकातलं, चांगलंच जड, म्हणजे क्षारांचं. तुमच्या किटलीच्या बुडाला पांढरा थर येत असेल तर तोच थर मशीनच्या बॉयलरमध्ये बसणार, आणि तिथे तुम्हाला दिसणार पण नाही. उलट सरळ आरओचं पाणी घातलं तर कॉफी बेचव लागते आणि अगदी क्षार नसलेलं पाणी धातूलाही बरं नसतं. टीडीएस मीटरने पाणी जड आहे की नाही कळत नाही, त्यात सगळेच विरघळलेले क्षार धरलेले असतात. मत्स्यालयाच्या दुकानात पाण्याचा जडपणा (जीएच-केएच) मोजायचं थेंबांचं किट मिळतं, ते आणा. एकूण जडपणा लिटरला ५० ते १७५ मिलिग्रॅम असला तर ठीक समजा. मी आरओचं आणि नळाचं मिसळून एका कॅनमध्ये भरून ठेवतो, आणि टँकर आला की नळाचं प्रमाण कमी करतो. क्षार काढायला पुस्तिकेत सांगितलेलंच द्रावण वापरा, घरात लिंबूसत्त्व आहे म्हणून अंदाजाने ओतू नका, विशेषतः ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर.

दूध हा आपल्याकडे वेगळाच विषय. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, वाफेने ६०-६५ अंशांपर्यंत नेलं की पुरे, आधी उकळू नका. आमच्या आईला हे पटायला वेळ लागला. तापवून गार केलेल्या दुधात सायीचे तंतू राहतात, गाळलं तरी राहतात, आणि फेस रवाळ होतो, त्यावर चित्र सोडा, कप भरताना पण ठिपके दिसतात. फ्रीजमधून थेट काढलेलं थंडगार दूध घ्या. चितळेंचं गाईचं दूध घेतलं तर फेस हलका आणि रेशमी, म्हशीचं घेतलं तर चव दाट, गोडसर, पण कॉफीचा स्वाद त्याखाली दबतो. काळपट भाजणीला म्हशीचं, मध्यम भाजणीला गाईचं, असं आमच्याकडे ठरलंय.

बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नका, कितीही मोठं नाव असो. भाजल्यानंतर आठ-दहा दिवस ठेवून मग उघडा, ताज्यातून गॅस निघतो आणि शॉट फसफसतो. चिकमगळूरच्या बियांवर 'प्लांटेशन' लिहिलं असेल तर धुतलेली अरेबिका, 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली. आंबटपणा नको असेल तर मान्सून्ड मलबार बघा, पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेली असते, आंबट जवळजवळ नाही आणि दुधात मस्त. आणि हो, बरेच जण विचारतात, घरातली चिकोरीवाली फिल्टर कॉफी चालेल का. नाही. चिकोरी चिकट होऊन बास्केट तुंबवते. तिच्यासाठी पितळी फिल्टरच बरा.

जुलैत माझा शॉट हळू यायला लागला, क्लिक थोडी जाड केली तेव्हा जमलं. डिसेंबरात उलट कोरडी हवा, पावडर ग्राइंडरच्या भांड्याला चिकटते, तेव्हा ओल्या चमच्याच्या दांड्याने बिया एकदा हलवायच्या की चिकटणं बरंच कमी होतं.

विजेचं एक सांगतो. ही मशीन १३००-१४०० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या आसपास, लहान सॉकेटच्या अगदी काठावर. १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावा, युरोपियन पिन असेल तर चांगला ॲडॅप्टर घ्या, आणि ज्या पॉइंटवर मिक्सर-ओव्हन चालतात त्यावर नको.

घरात सगळ्यांना दाट दुधाची, साखर घातलेली कॉफी आवडत असेल तर एवढा खर्च करू नका असं मी स्पष्ट सांगतो. १९३३ पासून चालत आलेलं मोका पॉट गॅसवर तेवढं काम छान करतं, दाब फार नसतो पण दुधाला पुरतो.

आणि घ्यायचंच ठरलं तर दुकानात जाताना स्वतःच्या ताज्या बिया आणि ग्राइंडर घेऊन जा, सिंगल वॉल बास्केटमध्ये शॉट काढून दाखवा म्हणा. ग्रुपचं, म्हणजे पोर्टाफिल्टर अडकवतो त्या भागाचं, रबरी गॅस्केट वर्ष-दीड वर्षात कडक होतं, ते दुकानात आत्ता आहे का, आणि किती दिवसांत मिळेल, हे पैसे देण्याआधी विचारा. एका ठिकाणी मला "मागवून देऊ" एवढंच उत्तर मिळालं, तिथून मी काही घेतलं नाही.