लाकूड कोरायच्या शाफ्ट मशीनच्या नावाखाली माझे 16,070 रुपये गेले

आधी हिशेब लिहितो, कारण ज्याला सांगावं तो पहिल्यांदा तेच विचारतो. 5,000 अ‍ॅडव्हान्स. 6,500 पार्सल निघाल्याचा फोटो आल्यावर. 3,000 पार्सल दारात आल्यावर, कुरिअरचे 220 वेगळे. आणि 1,350 रुपये मशीन हातात पडल्यावर, ते विकणाऱ्या त्याच माणसाला, पुन्हा. एकूण 16,070. या शेवटच्या 1,350 बद्दल मी घरात अजून तोंड उघडलेलं नाही. बायकोला आजही 14,720 एवढाच आकडा ठाऊक आहे. आता हे वाचून कळेल, कळू दे.

मी बेळगावात शहापूर भागात लाकूडकाम करतो. चोवीस वर्षं झाली. देव्हारे, महिरपी, नावाच्या पाट्या, आणि मुख्य म्हणजे दरवाजाच्या चौकटीवरच्या गणेशपट्ट्या. सगळं हातावर, पटाशी आणि हातोडी. दोन वर्षांपासून उजवं मनगट धरतंय. डॉक्टर म्हणाले काम कमी करा. काम कमी केलं तर पोरांची फी कोण भरणार?

हातात धरायचं छोटं रोटरी मशीन माझ्याकडे होतं. पण त्यात मोटर हातातच असते. अर्ध्या तासात ती तापते, वजन मनगटावर येतं आणि थरथर हाडात उतरते. फ्लेक्झिबल शाफ्टच्या मशीनमध्ये मोटर वर हुकाला टांगलेली असते, तिच्यातून लवचिक नळी, म्हणजे शाफ्ट, खाली येते, तिच्या आत केबल फिरते, आणि हातात फक्त पेनासारखा हँडपीस. वेग पायाच्या पेडलवर. आमच्या शहापुरात सराफांच्या दुकानात ही टांगती मोटर मी लहानपणापासून बघत आलोय. तेव्हा मला काय घ्यायचं तेच कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. मला नेमकं ठाऊक होतं. फक्त चांगलं अमेरिकन मशीन नवीन घ्यायची ऐपत नव्हती. मला जो भाव सांगितला होता, त्याच्या निम्म्याहूनही कमी पैसे माझ्याजवळ होते.

तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात दिसली. सोनाराचं दुकान बंद करतोय, वडिलांचं इम्पोर्टेड हँगिंग मशीन विकायचंय, सोबत पेडल, दोन हँडपीस, बर्सचा (कोरायच्या छोट्या टोकांचा) सेट. 16,500. मी फोन केला.

पुढचा माणूस मराठी बोलला. स्वच्छ, आपल्याकडच्या वळणाची मराठी. इचलकरंजीचा म्हणाला. "दादा, बेळगावचे का तुम्ही? आमची आत्या दिलीय की अनगोळात. सीमाभागातल्या आपल्या माणसाकडून मी काय जास्त घेणार, 14,500 द्या." सीमाभागात राहणाऱ्यालाच कळेल की एवढ्या एका वाक्यानं काय होतं. दिवसभर ऑफिसात, बँकेत, काउंटरवर मोडकं कन्नड बोलून जीभ दमलेली असते. कुणीतरी पलीकडून "आपला माणूस" म्हणतो आणि आपण सैल पडतो. त्यानं ते ओळखून वापरलं. हा राग पैशांपेक्षा मोठा आहे.

मी म्हटलं, चालताना दाखवा. त्यानं दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. मोटर टांगलेली, पेडल दाबलं की घूं आवाज, आणि हँडपीसनं एका फळीवर पान कोरलं जातंय. मागून त्याचा आवाज, "बघा दादा, सागवानावर लोण्यासारखं चालतंय."

भुसा पांढरा होता.

मी हा व्हिडिओ त्या रात्री पाच-सहा वेळा बघितला. चोवीस वर्षं सागवान कापतोय मी. सागवानाचा भुसा सोनेरी तपकिरी असतो, बोटात धरला तर तेलकट लागतो, अंगावरच्या शर्टावर बसला तर दोन धुण्यांत सुटत नाही. हा भुसा पिठासारखा पांढरट उडत होता. माझ्या डोळ्यांनी ते पाहिलं, मनाला खटकलं, आणि मी स्वतःलाच समजावलं की कॅमेऱ्याचा उजेड असेल. दुसरी गोष्ट. मोटरवरच्या पट्टीवर 115 व्होल्ट लिहिलेलं वाचता येत होतं, आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. आपल्याकडे घरात 230 येतात. 115 ची मोटर सरळ आपल्या बोर्डात लावली तर जळून जाईल. हे मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, "आत कन्व्हर्टर बसवून घेतलाय दादा, वडील सोनार होते, त्यांना काय कळत नव्हतं?" मेलेल्या बापाचं नाव घेतल्यावर पुढे काय विचारणार?

नंतर उलगडा झाला. तो व्हिडिओ परदेशातल्या कुणा कोरीवकाम करणाऱ्याचा होता. अमेरिकेत हौशी लोक बासवूडवर कोरतात, ते लाकूड फिकट आणि मऊ. मूळ आवाज काढून यानं आपला आवाज घातला होता. म्हणजे लाकूड खोटं, व्होल्टेज खोटं, आणि दोन्ही मला दिसत होतं. माझ्याच धंद्यातली खूण मला दिसली आणि मी ती सोडून दिली. हे मला रात्री झोपू देत नाही.

5,000 पाठवले. लगेच बिल आलं, जीएसटी नंबरासकट, म्हणून मला वाटलं पक्का माणूस. तो नंबर 29 नं सुरू होत होता. 29 कर्नाटकाचा, महाराष्ट्राचा 27. इचलकरंजीच्या दुकानाच्या बिलावर 29 कसा? आणि मोजला असता तर अक्षरं चौदाच होती. खरा जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पैसे पाठवायच्या आधी करा. मी पैसे गेल्यावर केलं.

मग कुरिअरच्या पावतीचा फोटो आला, 6,500 गेले. चार दिवसांनी खोका दारात. पोरगा म्हणाला आधी 3,220 द्या, मग खोका. मी म्हटलं उघडून बघू दे. म्हणाला तसा नियम नाही. तो बिचारा हमाली करणारा, त्याच्याशी काय भांडायचं? पण तुम्ही भांडा. नाहीतर निदान खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, सील तोडण्यापासून. मी तोही काढला नाही.

आत काय होतं ते सांगतो. मिक्सरच्या मोटरीसारखी एक हलकी मोटर, वर अमेरिकन कंपनीच्या नावाचं स्टिकर, त्यात एक अक्षर चुकलेलं. कंपनीचा यात काही दोष नाही, तिचं नाव चोरलेलं. शाफ्ट म्हणजे साधी प्लास्टिकची नळी. चांगल्या शाफ्टच्या बाहेरच्या नळीत स्टीलचं गुंडाळलेलं कवच असतं, ते नव्हतंच. पेडल म्हणून शिलाई मशीनचा रेग्युलेटर. हँडपीसला बेअरिंग नाही, नुसता बुश. बर्सचा सेट गायब.

तरी मी फोन केला. शिव्या द्यायला नव्हे, अजूनही वाटत होतं की चुकून दुसरा खोका आला असेल. तो शांतपणे म्हणाला, "दादा, मशीन कोरडं आहे. ग्रीस भरा, शाफ्ट पूर्ण भरेपर्यंत." मी भरलं. पाच मिनिटांत हँडपीस हातात धरवेना इतका तापला, ग्रीस पुढून गळून कोरायला घेतलेल्या पट्टीवर सांडलं, आणि आतली केबल तट्कन तुटली. पुन्हा फोन. आता त्याचा सूर बदलला. "तुम्ही ग्रीस जास्त भरलं, शाफ्टचा स्क्रू आवळला नाही, तुमची चूक. तरी आपला माणूस म्हणून ओरिजिनल केबल आणि मोटरचे कार्बन ब्रश 1,350 मध्ये पाठवतो." मी दिले. का दिले? कारण 14,720 गेलेत हे मान्य करण्यापेक्षा 1,350 देऊन मशीन चालू होईल हे मानणं सोपं होतं. तुमच्यापैकी प्रत्येकानं कधीतरी हेच केलंय. त्या संध्याकाळी त्याचा नंबर बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सराफानं आपली टांगती मोटर सोडून मला दाखवली. आतली केबल बाहेर ओढून काळं ग्रीस पुसायचं आणि नवीन ग्रीसचा बोटानं नुसता हात फिरवायचा, पातळ. साधारण पन्नास तासांच्या कामाला एकदा. जास्त घातलं तर ते खाली हँडपीसमध्ये उतरतं आणि बेअरिंग तापतं. म्हणजे त्या माणसानं मला मुद्दाम मशीन खराब करायला लावलं, दोष माझ्यावर ढकलता यावा म्हणून. केबलचं टोक हँडपीसच्या बाजूला नळीबाहेर किती येतं तेही ठरलेलं असतं. जास्त आलं तर आत वाकून तुटते, कमी आलं तर हँडपीसमध्ये घट्ट बसत नाही. मोटर उंच टांगायची, नळी सैल वळणानं खाली यायला हवी. आखूड बाक पडला की त्या जागी घासून तापते. कार्बन ब्रश मधूनमधून काढून बघायचे, झिजून आखूड झाले की जोडीनं बदलायचे. आणि बर घेताना दांड्याचं माप बघा. सोनारांचे 2.35 मिलिमीटरचे, लाकडाचे बहुधा 3.175 किंवा 6 चे. कॉलेट, म्हणजे हँडपीसमधली बर पकडणारी चिमटी, त्या मापाचा नसेल तर बर्सचा सेट फुकट मिळूनही उपयोग नाही.

उद्यमबागेतल्या वाइंडिंगवाल्यानं मोटर उघडून बघितली. कन्नड बोलणारा माणूस. म्हणाला यात पैसे घालू नका, आणि एक रुपया घेतला नाही. आणि ज्यानं मला "आपला माणूस" म्हटलं त्यानं लुटलं.

आता पोलीस. पाचव्या दिवशी मी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. उशीर माझाच होता, तोवर पैसे पुढच्या खात्यांत निघून गेलेले. संशय आला की त्याच मिनिटाला 1930 लावा, लाज नंतर वाटू द्या. पुढे शहरातल्या एका ठाण्यात गेलो. मराठीत लिहिलेला अर्ज बघून हवालदार म्हणाला, "अर्जी कन्नडदल्ली बरकोंड बन्नी." कोर्टाबाहेर 150 रुपये देऊन कन्नडमध्ये टाइप करून आणला. मग साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला, तिकडे जा. मी विचारलं, लेखी द्या. लेखी कशाला, म्हणाले.

दुकान बंद ठेवून एसटीनं निपाणी, कोगनोळी ओलांडून पलीकडच्या एका ठाण्यात गेलो. तिथे मराठीत बोललो, मराठीत ऐकून घेतलं, आणि मराठीतच सांगितलं, "पैसे तुमच्या कर्नाटकातल्या खात्यातून गेले ना? मग गुन्हा तिकडे." शिवाय खातं उत्तरेकडच्या कुठल्याशा राज्यात उघडलेलं, सिम तिसऱ्याच्या नावावर. मी म्हटलं, साहेब, मी तिकडूनच आलोय. ते म्हणाले, 16 हजारांसाठी कोण टीम पाठवणार? जाऊन येऊन माझा दिवस गेला, मजुरी गेली. बेळगावच्या माणसाला दोन्हीकडचे म्हणतात तुम्ही तिकडचे. मोर्च्याला, निवडणुकीला आम्ही दोघांनाही हवे असतो. तक्रार घेऊन गेलो की आम्ही कुणाचेच नाही. माझ्या बँकेनं तर सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार.

हे लक्षात ठेवा, मला तेव्हा कुणी सांगितलं नाही: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. हे कलम कागदावर लिहून तिसऱ्यांदा ठाण्यात गेलो तेव्हा अर्जावर शिक्का मिळाला. फक्त शिक्का. आज तीन महिने झाले.

गणेशपट्टीची ऑर्डर गोव्याची होती. ग्रीस सांडलेली ती पट्टी वाया गेली. सागवान तेल धरतं, डाग निघत नाही. 2,000 अ‍ॅडव्हान्स परत केला. तो वरच्या हिशेबात धरलेला नाही.

गेल्या आठवड्यात निपाणीकडच्या एका ओळखीच्या सुताराचा फोन आला. चांगलं मशीन सापडलंय, 12,900, तुम्ही जाणकार आहात, व्हिडिओ बघून सांगा. उघडला. तेच पान, तीच मोटर, नवा आवाज. मी विचारलं, "पाव्हणं, भुसा कुठल्या रंगाचा दिसतोय?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चार हजार कालच पाठवले की."

मी म्हटलं, माझा फोन ठेव आणि आत्ता 1930 लाव.