वाईच्या खारातल्या बाळकैऱ्या, वर्षभर खाऊन मग लिहितेय

गेल्या एप्रिलात पाचगणीला जाताना वाईच्या पुढं, पसरणी घाट लागायच्या अलीकडं, रस्त्याकडेला एक मावशी बरण्या मांडून बसलेल्या दिसल्या. त्यांच्याकडनं खारातल्या बाळकैऱ्यांच्या दोन बरण्या घेतल्या, अर्ध्या किलोची २८० रुपयाला. तेव्हाच लिहिणार होते पण खाराचं खरं काय ते पावसाळा काढल्यावरच कळतं, म्हणून थांबले. आता दुसरी बरणी तळाला आलीय आणि शेवटची कैरीसुद्धा कडक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाळकैरी म्हणजे बाठ धरायच्या आधीची, सुपारीपेक्षा जरा मोठी कैरी. अख्खीच खारात टाकतात, फोडी नाहीत, तेल नाही. मीठ, पाणी, हळद आणि थोडी मोहरीची डाळ, बास.

बाहेर काढली की वरनं सुरकुतलेली, शेवाळी पिवळट दिसते, वाटतं मऊ पडली असणार. पण दात लावला की कट्‌कन आवाज येतो आणि आतली कोवळी कोयसुद्धा चावली जाते, किंचित तुरट. आधी खारट, मग आंबट, आणि सगळ्यात शेवटी देठाजवळचा तो चिकाचा वास, कैरी तोडल्या तोडल्या बोटांना येतो ना, तोच. गरम भात, साधं वरण आणि ही एक कैरी, मला दुसरं काही लागत नाही.

मी मावशींना विचारलं कडक कशी राहते, तर म्हणाल्या, "बाई, झाडाचं हाय त्ये, माझं काय न्हाई." त्यांच्या बांधावर तीन जुनी रायवळ झाडं आहेत, सासऱ्यांच्याही आधीची. कोयीपासनं आलेली, त्यामुळं एकाची चव दुसऱ्याला नाही, प्रत्येकाला नाव आहे, शेंद्र्या, केळ्या, खोबऱ्या. खारात फक्त खोबऱ्याच्याच कैऱ्या. वाऱ्यानं खाली पडलेली एकही घेत नाहीत कारण आपटलेली जागा मऊ पडते आणि एक कैरी अख्खी बरणी घालवते. माणूस चढवून झेल्यानं, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीनं, उतरवायच्या, देठ ठेवून. मग धुवून, फडक्यावर कोरड्या करून, किलोला पाव किलो खडे मीठ थराथरानं घालायचं, तीन-चार दिवस बरणी रोज हलवायची म्हणजे कैरीलाच पाणी सुटतं, त्यावर उकळून गार केलेलं मिठाचं पाणी कैऱ्या बुडेपर्यंत, वर वजन, तोंडाला दादरा, म्हणजे फडकं बांधायचं. निदान महिनाभर हात लावायचा नाही. म्हणजे मी एप्रिलात घेतलेल्या आदल्या वर्षीच्या होत्या, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मला ते फार आवडलं. हळद सांगलीची वापरतात (सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय), खाराला रंग छान येतो पण हळदीची चव पुढं येत नाही.

माझा भाचा पुण्याहून आला होता, तो खाल्ल्यावर म्हणाला मामी हे तर आपलं ऑलिव्ह. बरोबरच बोलला. ऑलिव्ह पण झाडावरनं तोडून खाता येत नाही, इतकं कडू असतं, तिकडं पण जुन्या जुन्या झाडांची फळं उतरवून मिठाच्या पाण्यात कितीतरी आठवडे, कधी महिने ठेवतात तेव्हा कडूपणा उतरतो. कैरीत तो कडूपणा नाही, इथं मीठ आंबटपणा आणि चीक ताब्यात आणतं. पण हिशोब तोच, चांगलं फळ, मीठ आणि थांबायची तयारी.

तक्रार एकच, झाकण. प्लॅस्टिकचं आहे आणि घट्ट बसत नाही, घाटात एक बरणी गळली, पिशवी आणि गाडीचं सीट दोन्हीला वास. घरी आल्यावर लगेच काचेच्या बरणीत काढा आणि कैऱ्या खाराच्या खाली राहतील असं बघा, वर राहिल्या तर पांढरा बुरा येतो. ओला चमचा तर अजिबात नको.

२८० महाग वाटेल. मला पण वाटलं होतं, म्हणून दिवाळीत साताऱ्यात एका दुकानातनं दीडशेची घेऊन बघितली, कैरी कलमी, दाबली की दबत होती आणि व्हिनेगरचा वास. दोन खाल्ल्या, बाकी टाकून दिल्या, जिवावर आलं.

उरलेला खार फेकू नका, चमचाभर ताकात घाला, वेगळं मीठ लागत नाही. मावशी पाडव्यापासनं पाऊस लागेपर्यंतच बसतात, सकाळी दहाच्या आत गेलात तर मिळेल. यंदा मी चार बरण्या सांगून ठेवल्यात आणि बरण्या घरनंच नेणार आहे.