मोशीच्या ट्रॅफिकमध्ये जर्मन कविता

मी रोज कोथरूडहून चाकणला कंपनीच्या बसने जाते. नाशिक फाट्यापर्यंत डुलकी लागते. भोसरीला जाग येते आणि मोशीला बस थांबते, म्हणजे थांबूनच राहते. तिथं जी पंधरा ते चाळीस मिनिटं मिळतात, त्यात गेली दोन वर्षं मी 'लिरिकलाइन' हे कवींच्याच आवाजात कविता ऐकवणारं संकेतस्थळ ऐकते आहे. म्हणून हा अभिप्राय एका बसप्रवाशाचा आहे असं समजा, समीक्षकाचा नाही.

माझा धंदा भाषांतराचा, पण कवितेशी त्याचा काही संबंध नाही. पंप, व्हॉल्व्ह आणि गिअरबॉक्सची जर्मन मॅन्युअलं इंग्रजीत आणायची, जर्मनीहून कोणी इंजिनियर आला की त्याच्याबरोबर शॉपफ्लोअरवर दुभाषा म्हणून फिरायचं. जर्मन शिकले रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. तिथं आमच्या बाई म्हणायच्या, "भाषा कानात गेली नाही तर ती फक्त पोटापाण्याची राहील." वीस वर्षं ती पोटापाण्याचीच राहिली. 'बोल्ट चाळीस न्यूटन-मीटरने आवळा' हे वाक्य मी झोपेतही भाषांतरित करीन, पण जिवंत जर्मन कवींपैकी एकाचंही नाव मला धड सांगता आलं नसतं.

मग मी कोणीही करेल तेच केलं. पुरस्कारांच्या याद्या काढल्या आणि त्यातल्या एका कवीचं पुस्तक जर्मनीहून मागवलं. जितकी किंमत, जवळपास तितकंच टपाल. पुस्तक पाच आठवड्यांनी आलं तेव्हा एका कोपऱ्याने भिजलेलं होतं, आणि वाचल्यावर कळलं की हा कवी आपला नव्हे. (नाव सांगत नाही. दोष त्याचा नाही, माझ्या कानाचा आहे.) त्यानंतर ठरवलं, आधी ऐकायचं, मग पैसे घालवायचे. लिरिकलाइन सापडलं ते असं.

हे संकेतस्थळ बर्लिनचं 'हाउस फ्युर पोएझी' चालवतं. प्रेन्झलाउअर बेर्ग भागातल्या एका जुन्या बिअर कारखान्याच्या आवारात ही कवितेची संस्था आहे. 1999 साली संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा त्यावर फक्त जर्मन कवी होते. आज दीड हजारांहून जास्त कवी आहेत आणि मूळ कवितांच्या भाषा ऐंशीच्या वर गेल्या आहेत. 2005 मध्ये त्याला जर्मनीचा ग्रिमे ऑनलाइन पुरस्कारही मिळाला. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. कवीच्या पानावर गेलात की कविता छापलेली दिसते, बटण दाबलं की स्वतः कवीच्या आवाजात ऐकू येते, आणि भाषांतरं असतील तर मूळ मजकुराशेजारी उघडता येतात. एवढंच. पार्श्वसंगीत नाही, मागे समुद्राच्या लाटा नाहीत. आपल्याकडे कवितावाचनाचा व्हिडिओ म्हटला की बासरी आलीच, त्या मानाने हा मोठाच दिलासा.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र पानाच्या तळाशी असते. कवीचा परिचय, त्याची पुस्तकं, आणि त्याखाली मिळालेल्या पुरस्कारांची सालवार यादी. ही यादी मी बँकेच्या पासबुकासारखी वाचते. एखाद्या कवीच्या नावापुढे दर एक-दोन वर्षांनी नोंद पडलेली दिसते: अमुक शहराची शिष्यवृत्ती, तमुक गावचा 'श्टाटश्रायबर', रोममधल्या 'व्हिला मासिमो' या जर्मन कलाकारनिवासातला मुक्काम. श्टाटश्रायबर म्हणजे गावाने नेमलेला लेखक. आता फ्रांकफुर्टचाच भाग झालेल्या बेर्गेनमध्ये ही प्रथा 1974 पासून आहे. गाव लेखकाला वर्षभर राहायला घर देतं, वर मानधन देतं, आणि तो तिथं काय लिहितो याचा हिशेब मागत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हे गाव थोडं वेडं असणार. पण दहा-बारा पासबुकं वाचल्यावर लक्षात येतं की तिथंही कवितेच्या पुस्तकावर कोणाचं घर चालत नाही. घर चालतं ते वाचनाच्या मानधनावर, भाषांतरावर आणि या पुरस्कारांवर. त्यामुळे तिथं पुरस्कार म्हणजे शाल-श्रीफळ नव्हे. पुढच्या पुस्तकापर्यंतचं भाडं त्यातून भरलं जातं.

सगळ्यात मोठं नाव गेओर्ग ब्यूशनर पुरस्काराचं. दार्मश्टाटची भाषा आणि साहित्य अकादमी तो देते, रक्कम 50,000 युरो. ज्याच्या नावाने तो दिला जातो तो नाटककार ब्यूशनर सरकारविरोधी पत्रक काढल्यामुळे देश सोडून पळाला आणि 1837 मध्ये झ्युरिकला तेविसाव्या वर्षी टायफसने गेला. त्याच्या नावाच्या पुरस्काराची यादी हाताशी ठेवून मी ऐकायला बसले. 1995 चा दुर्स ग्र्युनबाइन, 2017 चा यान वाग्नर, 2020 ची एल्के एर्ब, 2023 चा लुत्स झायलर. ग्र्युनबाइन मला फार हुशार वाटला आणि मोशी सुटेपर्यंत विसरलाही गेला. एल्के एर्बला हा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. एवढी वर्षं काय करत होते सगळे, असा प्रश्न त्यांचा आवाज ऐकल्यावर पडतोच. कोणी आजी स्वयंपाकघरात स्वतःशीच बोलत असावी आणि बोलता बोलता मध्येच तिला काहीतरी सापडावं, तशी त्यांची कविता चालते. 2024 च्या जानेवारीत त्या गेल्या. आवाज आहे.

लुत्स झायलरपाशी मात्र मी अडकले, आणि त्याला कारण माझा धंदा. त्याच्या 2000 साली आलेल्या संग्रहाचं नाव 'पेश उंड ब्लेंडं'. 'ब्लेंडं' माझा रोजचा शब्द. पाइपमधला प्रवाह मोजायला जी भोक पाडलेली चकती बसवतात ती ब्लेंडं. 'पेश' म्हणजे डांबर, आणि बोलीत फुटकं नशीब. हे दोन शब्द जोडले की 'पेशब्लेंडं' होतं, म्हणजे युरेनियमचं खनिज. झायलर पूर्व जर्मनीतल्या थ्युरिंगिया भागातला. त्याच्या घरच्यांचं गाव युरेनियमच्या खाणीसाठी पाडून टाकलं. तो स्वतः आधी बांधकामावर गवंडी आणि सुतार होता. पुस्तकाच्या नावात खनिज मधून तोडलं आहे आणि मध्ये एक 'आणि' ठेवला आहे. ते नाव वाचल्यापासून मॅन्युअलमध्ये ब्लेंडं आली की माझा हात क्षणभर थांबतो. साहेब विचारतात काय झालं, मी म्हणते काही नाही, टॉलरन्स तपासत होते.

झायलर संथ वाचतो, दगड एकावर एक रचावेत तसा. यान वाग्नरचं उलटं आहे. तो हसतमुखाने वाचतो, जणू शेजाऱ्याला आपली बाग दाखवतोय. 1971 चा, हॅम्बुर्गचा. 2015 मध्ये त्याच्या संग्रहाला लाइपझिग पुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराच्या ललित विभागात कवितेचं पुस्तक जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या वर्षी तिकडे संग्रहाला नाव देणारी, पावसाच्या पाण्याच्या पिंपांवरची कविता लोक रांग लावून विकत घेत होते म्हणे. त्याचं 'गीर्श' नावाचं सुनीत मी किमान तीस वेळा ऐकलं असेल. गीर्श हे बागेतलं तण. कितीही उपटा, परत येतं. शब्दाच्या पोटात 'गीर' आहे, म्हणजे हाव. कविता सुरू होते तेव्हा तण एका ओळीत असतं. मग 'ग' आणि 'श' चे आवाज हळूहळू पसरायला लागतात, दुसऱ्या शब्दांच्या मुळांतून वर येतात, आणि शेवटी सगळी बाग आणि सगळी ओळ गीर्शच होऊन जाते. छापलेल्या पानावर ही गंमत अर्धीच कळते. ऐकल्यावर अंगावर येते. लिरिकलाइन कशासाठी आहे हे कोणाला एका मिनिटात दाखवायचं असेल तर मी ही कविता लावते.

दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियातून आलेल्या एका इंजिनियरला लावली होती. शाळा सुटल्यानंतर कविता ऐकण्याची त्याची पहिलीच वेळ. ऐकून झाल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "कोवळी पानं सॅलडमध्ये चांगली लागतात. पण बागेतून जात नाही, ते खरं आहे." अशी दाद मी साहित्य संमेलनातही ऐकलेली नाही.

तरुण कवींसाठीच्या पुरस्कारांचा धागा धरला तर जास्त मजा येते, कारण तिथं नावं आधी ऐकलेली नसतात. दार्मश्टाटलाच दर दोन वर्षांनी पस्तिशीपर्यंतच्या कवींसाठी 'लेओन्स उंड लेना' पुरस्काराची स्पर्धा होते. नाव ब्यूशनरच्याच एका नाटकाचं, रक्कम 8,000 युरो. कवी सगळ्यांसमोर वाचतो आणि परीक्षक तिथल्या तिथं, त्याच्या तोंडावर, कवितेची चिरफाड करतात. आपल्याकडे हे केलं तर पुढच्या वर्षी कवीही येणार नाहीत आणि परीक्षकही. 2009 मध्ये तो उलरिके आल्मुट झांडिगला मिळाला. सुरुवातीच्या काळात ती लाइपझिगमध्ये विजेच्या खांबांवर आणि बांधकामाच्या कुंपणांवर स्वतःच्या कविता चिकटवत फिरायची. तिचं वाचन गाण्याच्या काठावरून चालतं, पण गाण्यात पडत नाही. उलियाना वोल्फला कवी पेटर हुखेलच्या नावाचा पुरस्कार 2006 मध्ये मिळाला, पहिल्याच संग्रहाला, तोही ज्याच्या नावातला पहिला शब्द पोलिश आणि बाकीचे जर्मन आहेत अशा. हा पुरस्कार आधीच्या वर्षीच्या एका कवितासंग्रहाला देतात आणि समारंभ हुखेलच्या वाढदिवशी, 3 एप्रिलला, श्टाउफेन या लहानशा गावात होतो. दोन भाषांच्या फटीत पाय अडकवून उभ्या असलेल्या माणसाला वोल्फ लगेच कळते. माझ्यासारखीला तर फारच.

2022 चा हुखेल पुरस्कार दिन्चेर ग्युच्येतेरला मिळाला. तुर्की कामगार कुटुंबातला हा कवी कवितांची स्वतःची प्रकाशनसंस्था चालवतो आणि ती चालावी म्हणून अर्धवेळ फोर्कलिफ्ट चालवत आला आहे. आमच्या स्टोअरमधल्या फोर्कलिफ्टवाल्या पोराला हे सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, त्याला ओव्हरटाइम मिळतो का?"

आता न आवडलेलं. परिचय कोरडे आहेत. जन्म, शिक्षण, पुस्तकं, पुरस्कार. पुरस्कार का मिळाला, त्यावर भांडण झालं का, याचा पत्ता नाही. आणि भांडणं तर केवढी रंगतात! बर्लिनच्या आलिस झालोमोन महाविद्यालयाने 2011 मध्ये ऑयगेन गोमरिंगरला काव्यपुरस्कार दिला आणि त्याची रस्ते, फुलं, स्त्रिया आणि एक चाहता यांच्यावरची छोटी स्पॅनिश कविता इमारतीच्या भिंतीवर रंगवली. काही वर्षांनी विद्यार्थिनींनी विचारलं, आम्हाला नुसतं बघत उभा राहणारा हा चाहता आमच्या भिंतीवर कशाला? देशभर वाद झाला. 2018 मध्ये भिंत पुन्हा रंगवली आणि त्याच पुरस्काराची नंतरची मानकरी बार्बारा क्योलर हिची कविता तिथं आली. तिने जुन्या कवितेची काही अक्षरं मुद्दाम खालून दिसू दिली. हे ठाऊक असेल तर क्योलरचा आवाज वेगळा ऐकू येतो. पण हे तुम्हाला दुसरीकडून शोधून यावं लागतं.

भाषांतरांचंही तसंच. इंग्रजी पुष्कळ आहे, पण प्रत्येक कवितेला नाही. ज्या जर्मन कवींच्या मागे मी लागले आहे त्यांना मराठीत आणायचं तर ते बर्लिनमधलं कोणी करणार नाही, आपल्यालाच करावं लागेल. जर्मन अजिबात येत नसेल तर हे संकेतस्थळ तुमच्या कामाचं आहे का? माझं मत, आहे. आधी अर्थ न बघता एकदा ऐका, मग भाषांतर उघडा, मग पुन्हा ऐका. पुरस्कारविजेत्यांची यादी हे आत शिरायचं दार म्हणून ठीक आहे. एकदा आत गेलात की ती बंद करून ठेवा, नाहीतर मोनिका रिंकसारखी कवयित्री नुसता पुरस्कार बघून ऐकाल आणि तिच्यातला खट्याळपणा निसटेल.

परवा मोशीला बस नेहमीसारखी उभी होती. शेजारच्या सीटवरचे क्वालिटीतले काका साताऱ्याकडचे, गावाला दोन एकर आहे. त्यांच्या कानात एक इअरफोन देऊन गीर्श लावलं आणि तणाची गोष्ट सांगितली. म्हटलं, मराठीत आणायचंय, पण नावातच हाव असलेलं तण सापडत नाही. काका म्हणाले, "हरळी घ्या की. एकदा शिरली की हरतोच माणूस. नावातच आहे." मी तिथल्या तिथं फोनवर 'हरळी' लिहिलं. हरणं आहे, हरण करणं आहे, 'र' आणि 'ळ' ओळीभर पसरवता येतात. मग आठवलं, वाग्नरच्या तणाला पांढरीशुभ्र, निरागस दिसणारी फुलं आहेत आणि कवितेची अर्धी भीती त्या फुलांत आहे. हरळीला कुठली तशी फुलं? पांढरी फुलं गाजर गवताला. पण त्या नावातून आवाज काय काढणार, गाजराचा?

काकांना विचारलं. ते म्हणाले, "थांबा, गावाकडं फोन करून सांगतो." तेवढ्यात बस हलली.