जुन्या वाड्याच्या खिडक्या बदलताय? आधी हे वाचा

लाज वाटते, तरी लिहितोय, कारण खिडक्या बदलून देतो म्हणत ज्याने मला फसवलं, तो माणूस अजून जुन्या नाशकातल्या गल्ल्यांमधून फिरतोय असं कळलं.

माझे 2,86,500 रुपये गेले. सहा खिडक्या, प्रत्येकी 42,000 प्रमाणे 2,52,000. वर ‘परवानगीचा खर्च’ म्हणून 34,500 रोख, पावती नाही. आणि जुन्या सागवानी खिडक्या गेल्या त्या वेगळ्याच.

त्याचं बोलणं असं: 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय, नदीकाठच्या वाड्यांचे दर्शनी भाग एकसारखे करणार आहेत, ॲल्युमिनियम लावलंत तर नोटीस येईल, जुन्यासारखीच सागवानी खिडकी करून देतो, परवानगीही आणतो. यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच पटलं. वारसा यादीतल्या इमारतीचा दर्शनी भाग बदलायला महापालिका आयुक्तांची परवानगी खरोखरच लागते. पण ती मालकाच्या अर्जावर मिळते. कोणी घरी आणून दिली तर पत्रावर जावक क्रमांक आहे का ते पाहा आणि कार्यालयात जाऊन विचारा. माझ्या पत्रावर शिक्का होता, क्रमांक नव्हता.

मी काही अडाणी नाही. अंबड एमआयडीसीत शिफ्ट, घरी आई एकटी, मे संपत आलेला, दोन झडपांतून दर पावसाळ्यात पाणी आत येतं. त्याने दुसऱ्या वाड्यातलं ‘त्याचं’ काम दाखवलं, तेही चोख होतं. ते त्याचं नव्हतंच, हे नंतर कळलं.

पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आणि गप्प बसलो, ती अजून झोपू देत नाही. जुन्या खिडक्या उतरवल्या त्या दिवशी तो म्हणाला, “दादा, सडलंय सगळं, भंगार आहे,” आणि माझ्या हातावर 3,000 ठेवले. मी घेतले. मग चार माणसांनी एकेक चौकट उचलली, गोधडीत गुंडाळली, झडपांच्या मध्ये पोती घातली आणि टेंपोत अलगद ठेवली. भंगार कोणी गोधडीत गुंडाळून नेतं का? आई ओट्यावरून म्हणाली होती, “अरे, जुनं लाकूड घराबाहेर जाऊ देऊ नकोस.” मी तिलाच गप्प केलं.

नवी चौकट एकट्या पोराने खांद्यावर आणली. तेव्हा तरी कळायला हवं होतं! पहिल्या मोठ्या पावसात भिंतीवर तपकिरी ओघळ उतरले, झडपा फुगून बसल्या. ओळखीच्या सुताराने आतल्या बाजूला पटाशीने टवका काढला: खाली पांढरट हलकं लाकूड, वर रंग. तुम्ही हे शेवटचा हप्ता देण्याआधी करा. मी 1,50,000 आगाऊ, 60,000 खिडक्या उतरवताना आणि 42,000 बसवल्यावर दिले, मग टवका काढून काय उपयोग?

पोलीस चौकीत सांगितलं, “हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” खोटा शिक्का मारलेलं पत्र समोर ठेवलं, तरी दिवाणी! 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तर हा ऑनलाइन गुन्हा नाही म्हणाले. ज्या कार्यालयाच्या नावाने ते पत्र होतं तिथे तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब साइटवर, दुसऱ्यांदा मीटिंगमध्ये, तिसऱ्यांदा भेटले आणि मलाच विचारलं, “विनापरवानगी काम केलंत कसं? नोटीस काढावी लागेल.” त्यांचा शिक्का चोरला गेला, त्याचं त्यांना काही नाही, आणि चोर मी! संताप होईल नाहीतर काय?

चौकीत नुसतं तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज टपालाने वरिष्ठांकडे पाठवा, पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी पाठवलाय. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. आणि खिडकी दुरुस्त होत असेल तर बदलूच नका. माझ्या दोन झडपांचा फक्त खालचा आडवा भाग कुजला होता. सुतार म्हणाला, तेवढाच नवा जोडून भागलं असतं.

जुन्या लाकडाच्या व्यवहारात कोणी असेल तर एवढं पाहा. सहापैकी एका चौकटीच्या डाव्या बाजूला, आतून, कमरेच्या उंचीवर आडवी खाच आहे. 1969 च्या पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवायला आजोबांनी ती पटाशीने मारली होती. खाली ‘69’ कोरलंय, नऊचं शेपूट तुटलेलं. ती चौकट कुठे दिसली तर कळवा. पैसे देऊन परत घेईन.