अर्जुनसालीचा अर्क: सॉक्सलेट की भिजवण?

"सर, साल सॉक्सलेटमध्ये घालू की नुसती भिजवू?" सांगलीतल्या आमच्या एम.एस्सी.च्या मुलीचा प्रश्न. कृष्णाकाठच्या अर्जुनाची साल सावलीत वाळवून, दळून तिने तयार ठेवली होती.

सॉक्सलेट म्हणजे इथेनॉल (अल्कोहोल) उकळवून, त्याची वाफ थंड करून ते सालीवर सोडत राहणारं काचेचं उपकरण; भिजवण म्हणजे साल न तापवता इथेनॉलमध्ये बुडवून ठेवणं. वेळेत सॉक्सलेट सरस. ६ ते ८ तासांत काम होतं, आणि तेच इथेनॉल पुन्हा पुन्हा सालीतून फिरत असल्याने कमी लागतं. भिजवायला ३ दिवस तरी हवेत. खर्चात मात्र भिजवणं स्वस्त, घट्ट झाकणाची काचेची बाटली पुरते. सॉक्सलेटला हीटिंग मँटल (फ्लास्क तापवणारं साधन) हवं, कंडेन्सरला (वाफ थंड करणाऱ्या नळीला) सतत थंड पाणी हवं. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं.

खरा मुद्दा उष्णतेचा. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, आणि खालच्या फ्लास्कमध्ये उतरलेला लालसर तपकिरी अर्क तासन्‌तास तापत राहतो. त्यात अँटिऑक्सिडंट गुण देणाऱ्या नाजूक फिनॉलिक घटकांची झीज होऊ शकते. मग अँटिऑक्सिडंट चाचणीचा आकडा घसरला, तर दोष सालीचा की तापवण्याचा, हे कसं कळणार? मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

अर्जुनोलिक आम्लासारखी, उष्णतेत टिकणारी ट्रायटर्पिनॉइड्स (सालीतली एका गटाची संयुगं) हवी असतील आणि हातात दिवस कमी असतील, तर सॉक्सलेट लाव. अँटिऑक्सिडंट गुण मोजायचे असतील, तर भिजवूनच काढ. आणि घरी कुणी रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल, तर यातला थेंबही त्यांना देऊ नकोस.